दगडापेक्षा मऊ

हे यंत्र बर्फासाठी केलेलं.
अंगावर अजून सहा टोकांचं निळं स्टिकर आहे,
खाली उत्तरेकडच्या कुठल्यातरी गावाचं नाव,
आमच्यापैकी कुणाला वाचता न येणारं.
लिलावातून जहाजाने सोहार,
सोहारहून ट्रेलरवर बिदिया.
बर्फातून फुफाट्यात.

रात्रभर वारा सुटला की सकाळी रस्ता नसतो.
सुलैयम ट्रॅक्टर उलटा वाळूत घालतो,
मागे बघून बघून त्याची मान
उजवीकडेच बसली आहे आता, जेवतानाही.
वाळू कमान करून उडते,
तिखटात हळद कालवल्यासारखी.

वाळू झिजवते, पण हप्त्याहप्त्याने.
मोडतो तो दगड.
इथे वाडी म्हणजे कोरडा ओढा.
आमच्याकडे वाडीत माणसं राहतात,
इथे दगड; तीन वर्षांतून एकदा पूर आला
की उठून रस्त्यावर येतात
आणि वाळू पांघरून झोपतात.

असा एखादा दगड पात्यात आला
की पिन तुटावी, एवढंच पिनचं काम.
बोटाएवढी, मऊ लोखंडाची.
ती तुटते म्हणून बाकीचं राहतं.

त्या गुरुवारी ती तिसऱ्यांदा तुटली.
ऊन डोक्यावर, वर्कशॉप चाळीस किलोमीटर,
खिशात कडक बोल्ट होता, डोक्यावर दहा-नऊ कोरलेला.
तो मी घातला.
मीच.
इचलकरंजीला अकरा वर्षं लेथवर काढलेला माणूस.

आवाज मोठा नव्हता.
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
बोल्ट शाबूत.
गिअरबॉक्समधून काळं तेल आलं
आणि वाळूने ते लगेच पिऊन टाकलं.

मुकादमचाचा ओरडले असते तर बरं झालं असतं.
दापोलीचा माणूस, त्यांनी पातं हाताने फिरवून पाहिलं,
म्हणाले, "शाफ्टला पण गंज धरलाय बघ.
असा चिकटला की पिन तुटून काय उपयोग?
ग्रीस कधी मारलंस?"
मग जाता जाता, "दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात,
आपल्याला विटेची गरज होती रे."

कंपनी बंद पडलेली, पार्ट मिळेना.
तुटका गिअर मी कागदावर उतरवला,
दात मोजले, दोनदा, रात्री परत एकदा.
शिरोलीच्या फाउंड्रीत धाकट्याने तो पाडून घेतला.
रजेवरून परतणाऱ्या नझीर पावसकरने
लसणाच्या चटणीखाली, टॉवेलात गुंडाळून आणला.
मस्कतला बॅग उघडली तेव्हा
अधिकाऱ्याने दोन्ही हुंगलं.
दोन्ही सोडलं.

वाकलेली पाती तापवली, ऐरणीवर सरळ केली,
कडांना कडक वेल्डिंगची शिवण घातली.
पंखा तोलताना चौथ्या पात्याला
एक वॉशर जादा लावावा लागला.
तो का, ते मला अजून कळलेलं नाही,
पण थरथर थांबली.

आता पहाटे मी आधी चालत जातो.
लोखंडी सळई वाळूत खुपसत,
टण वाजलं की चुना टाकत.
खालचे बूट दोन बोटं वर घेतलेत,
रस्त्यावर पातळ थर राहतो, राहू दे,
गाड्या तो आपोआप उडवतात.
शाफ्टला दर शनिवारी ग्रीस.
खिशात मऊ पिना, फक्त मऊ,
चालताना चिल्लरसारख्या वाजतात.

तरी तुटतेच कधी.
सुलैयम इंजिन बंद करतो, मान चोळतो.
मी तुकडा ठोकून काढतो.
नीडोच्या डब्यात असे सत्तेचाळीस झालेत,
मोडीत घालायचा धीर होत नाही.

आणि तो दगड?
शफीकुलने उचलून आणला, कलिंगडाएवढा.
वर्कशॉपच्या दाराला लावलाय.
वारा सुटला की दार आपटत नाही.